सैल झालेला सदरा

आमच्या शाखेतले हेडकॅशियर क्रिकेटचे विलक्षण वेडे होते. नोटांची बंडलं मोजताना त्यांचे ओठ हलत, ते आकड्यांसाठी की ब्रॅडमनच्या धावांसाठी, हे शेजारी बसणाऱ्यालाही सांगता येत नसे. दुपारी डबे उघडले की त्यांच्या गोष्टी सुरू होत. १९३२ साली डॉन ब्रॅडमन नव्या नवरीला घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता आणि न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेब रूथच्या शेजारी बसून त्यानं बेसबॉलचा सामना पाहिला होता, ही गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली. आपल्या खेळातला एक सम्राट दुसऱ्या खेळातल्या सम्राटाला भेटतो, याचं त्यांना भारी अप्रूप. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गोष्ट लक्षात राहिली.

२००३ च्या पावसाळ्यात हेडकॅशियरांचा डावा कान बंद झाला. एका डॉक्टरांनी मळ काढला, दुसऱ्यांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या, आणि पुढे एकाच्या दोन नोटा दिसायला लागल्या तेव्हा तिसऱ्यांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. कॅशियरला एकाच्या दोन नोटा दिसणं ही विनोदाची गोष्ट वाटावी, आणि आम्ही विनोद केलेही. त्यात चार महिने गेले. मग मानेत सुपारीएवढी गाठ आली, आणि मुंबईच्या तपासणीत जे निघालं ते आमच्यापैकी कुणी कधी ऐकलंही नव्हतं. नाकाची पोकळी मागे जिथे संपते आणि घसा वरून जिथे सुरू होतो, त्या कवटीच्या तळाशी असलेल्या कोनाड्यातला कर्करोग. डॉक्टर त्या जागेला नेझोफॅरिंक्स म्हणतात. श्वास नाकातून आत आला की पहिलं वळण घेतो ते तिथेच. कानाकडे जाणारी नळी तिथे उघडते, म्हणून आधी कान बंद होतो. डोळ्याच्या नसा जवळून जातात, म्हणून पुढे एकाची दोन दिसतात.

दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगात हा रोग बऱ्यापैकी आढळतो. आपल्याकडे ईशान्येत, विशेषतः नागालँडमध्ये तो दिसतो. बाकी भारतात दुर्मिळ. अमेरिकेतही दुर्मिळच. त्या दुर्मिळांतला एक रुग्ण म्हणजे बेब रूथ, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर एका वाचनालयात जुनी चरित्रं चाळताना कळलं, आणि त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्याचं खरं नाव जॉर्ज हर्मन रूथ. जन्म ६ फेब्रुवारी १८९५, बाल्टिमोर शहरातल्या आजोळच्या घरी. स्वतःची जन्मतारीख त्याला पस्तिशी उलटेपर्यंत चुकीची माहीत होती. १९३४ मध्ये जपानला जायचं म्हणून पासपोर्टसाठी दाखला काढला, तेव्हा आपण समजतो त्यापेक्षा एका वर्षानं लहान आहोत हे कळलं. ज्या घरात मुलाचा वाढदिवसही नीट लक्षात राहत नाही त्या घराची कल्पना यावरून करावी. आईनं बरीच मुलं जन्माला घातली, त्यांतली जगली दोनच, हा आणि एक बहीण. बापाचा दारूचा गुत्ता. आई दुखणाईत. मुलगा दिवसभर रस्त्यावर, बंदराच्या गल्ल्यांत, गाडीवानांच्या संगतीत. तंबाखू चघळायला तो शाळेत जायच्या वयात शिकला. शाळेत मात्र गेला नाही. शेवटी आईबापांनी त्याच्यावर हाताबाहेर गेलेला असा शिक्का मारून घेतला आणि १३ जून १९०२ रोजी सेंट मेरीज नावाच्या सुधारगृहवजा शाळेत त्याला नेऊन सोडलं. तो सात वर्षांचा होता.

ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

झेव्हेरियन पंथाचे ब्रदर्स ती शाळा चालवत. अनाथ, उनाड, टाकलेली अशी शेकडो मुलं तिथे होती. प्रत्येकाला काहीतरी हातकाम शिकावं लागे. रूथच्या वाट्याला आलं शिवणकाम. तो सदरे शिवायला शिकला, त्यातही कॉलर बसवायला. पुढे हजारो डॉलर हाती खेळू लागले तरी रेशमी सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून शिवण्याची हौस त्यानं सोडली नाही म्हणतात. मला हा तपशील त्याच्या सगळ्या विक्रमांहून प्रिय आहे. माझी आईही वडिलांच्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटून शिवायची. फरक एवढाच की आमच्याकडे ती हौस नव्हती.

त्या शाळेत ब्रदर मथायस नावाचा सहा फुटांहून उंच धिप्पाड माणूस होता. मोकळ्या वेळात तो एका हातात बॅट धरून चेंडू उंच टोलवायचा आणि पोरं खाली माना वर करून पाहत राहायची. रूथनं पुढे आयुष्यभर त्याचीच चाल आणि त्याचीच बॅट फिरवण्याची ढब उचलली. बाप क्वचितच भेटायला येई. मथायस रोज समोर असे. आई वारली तेव्हा रूथ सतरा वर्षांचा होता.

१९१४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाचा मालक जॅक डन शाळेत आला आणि त्यानं या मुलाला करारावर घेतलं. मुलगा अज्ञान, म्हणून डननं त्याचं पालकत्व आपल्याकडे घेतलं. संघातल्या जुन्या खेळाडूंनी मालकाचं हे नवं बाळ बघून त्याला बेब म्हणायला सुरुवात केली. बाळ सव्वासहा फुटांच्या आसपास उंच होतं. हॉटेलातली लिफ्ट त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिली आणि पोरासारखा वर-खाली करत बसला. बारा वर्षं भिंतींच्या आत काढलेल्या मुलाला सगळं जगच लिफ्टसारखं वाटलं असणार. त्याच उन्हाळ्यात डनला पैशांची निकड पडली आणि रूथ बोस्टनच्या रेड सॉक्स संघाला विकला गेला.

बेसबॉल न कळणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी थोडं सांगतो. चेंडू फेकणारा तो पिचर, आपला गोलंदाज म्हणा. चेंडू मैदानाबाहेर टोलवला की होम रन, आपल्या षटकारासारखा. रूथ बोस्टनला गेला तो डावखुरा गोलंदाज म्हणून, आणि उत्तम गोलंदाज म्हणून. जागतिक मालिकेत सलग एकोणतीसहून अधिक इनिंग्ज एकही धाव न देण्याचा त्याचा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. पण त्याला मारायची हौस. त्या काळात होम रन ही वर्षाकाठी दहा-बारा वेळा होणारी चैन होती. १९१९ साली त्यानं २९ मारले आणि लोक डोळे चोळू लागले.

त्याच वर्षअखेरीस बोस्टनच्या मालकानं त्याला न्यू यॉर्क यांकीजना विकलं, आणि इथे माझ्यातला बँकेचा माणूस जागा होतो. व्यवहार असा: किंमत एक लाख डॉलर. त्यातले पंचवीस हजार रोख, आणि उरलेल्यापोटी पंचवीस हजारांच्या तीन वचनचिठ्ठ्या, सहा टक्के व्याजानं. शिवाय यांकीजच्या मालकानं बोस्टनच्या मालकाला तीन लाख डॉलरचं कर्ज द्यायचं, आणि त्याला तारण काय, तर बोस्टन संघाचं स्वतःचं मैदान, फेनवे पार्क. म्हणजे विकणाऱ्याचं मैदान घेणाऱ्याकडे गहाण! असं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी दोन्ही पक्षांना चहा पाजून परत पाठवलं असतं. पण वसुलीच्या दृष्टीनं यांकीजना तो सौदा सोन्याचा ठरला. १९२० साली रूथनं ५४ होम रन मारले. त्या वर्षी इतर पंधरा संघांपैकी फक्त एका संघाची मिळून बेरीज त्याच्या एकट्याहून जास्त होती. पुढच्या वर्षी ५९. १९२७ मध्ये ६०, हा आकडा १९६१ पर्यंत कुणी ओलांडला नाही. कारकिर्दीचे एकूण ७१४, ते १९७४ पर्यंत अबाधित. १९२३ साली यांकीजनी नवं स्टेडियम उघडलं, तेव्हा पहिल्याच सामन्यात त्यानं होम रन मारला. लोक त्या वास्तूला रूथनं बांधलेलं घर म्हणू लागले. १९३० साली त्याचा पगार ८० हजार डॉलर होता, अमेरिकेच्या अध्यक्षांहून पाच हजारांनी जास्त.

खाणं-पिणं सगळं त्याच मापाचं. सिगार, पाईप, चघळायची तंबाखू, तपकीर, व्हिस्की, काहीच वर्ज्य नव्हतं. १९२५ मध्ये आतड्याच्या दुखण्यानं कोसळला, शस्त्रक्रिया झाली, त्यातून उठला. पहिली पत्नी हेलन त्याच्यापासून दुरावली होती. ती १९२९ च्या जानेवारीत घराला लागलेल्या आगीत गेली. एप्रिलमध्ये त्यानं क्लेअरशी लग्न केलं, आणि या बाईनं मात्र त्याच्या खाण्याला, झोपेला आणि पाकिटाला कुलूप लावलं. त्याआधीच त्याचा व्यवस्थापक क्रिस्टी वॉल्श यानं त्याच्या मागे लागून पैसे वार्षिकी योजनांमध्ये गुंतवायला लावले होते. मंदीत भलेभले बुडाले, रूथ बुडाला नाही. माझ्या मते या वॉल्शचाही एक पुतळा स्टेडियमबाहेर असायला हरकत नव्हती.

१९३५ च्या आरंभी लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाचा जुना कसोटीपटू अ‍ॅलन फेअरफॅक्सच्या नेटमध्ये त्यानं पॅड बांधून क्रिकेटही खेळून पाहिलं, आणि फटके असे मारले की बॅटच तुटली. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. आपण एखाद्या संघाचे व्यवस्थापक व्हावं एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती पुरी झाली नाही. ज्याला स्वतःला आवरता येत नाही तो पंचवीस जणांना काय आवरणार, असा मालकांचा हिशेब. पुढची दहा-अकरा वर्षं तो गोल्फ खेळत, आजारी मुलांना इस्पितळांत भेटत आणि टेलिफोनची वाट पाहत राहिला.

१९४६ च्या शरदात त्याच्या डाव्या डोळ्याच्या वर ठणका सुरू झाला. आवाज बसला. सायनस असेल, दातांचं असेल, अशी निदानं झाली. दात काढले गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या फ्रेंच हॉस्पिटलात त्याला दाखल केलं तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू सुजली होती, डावा डोळा मिटला होता, घास गिळता येत नव्हता. आमच्या हेडकॅशियरांचे तीन डॉक्टर आठवले की मला वाटतं, सत्तावन्न वर्षांनी आणि सात समुद्रांपलीकडेही हा रोग त्याच वेषात फिरत होता.

गाठ कवटीच्या तळाशी होती आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घालून बसली होती. तिथे सुरी पोचत नाही. पोचली तरी निघताना रोगी उरत नाही. म्हणून क्ष-किरण दिले. त्या काळातली यंत्रं कमी ताकदीची. किरण खोलवर पोचेपर्यंत कातडी भाजायची आणि आतल्या गाठीला अर्धवट चटका बसायचा. कोबाल्टची यंत्रं यायला अजून चार-पाच वर्षं होती. मग शस्त्रक्रिया केली, त्यात मानेतली एक रक्तवाहिनी बांधली, वेदनेच्या नसा कापल्या, पण गाठ पुरती निघाली नाही. फेब्रुवारीत तो घरी आला तो पस्तीसेक किलो वजन गमावून.

कर्करोग हा शब्द त्याच्यापुढे कुणी उच्चारला नाही. पत्नीनं, डॉक्टरांनी, मित्रांनी, आणि नवल म्हणजे वर्तमानपत्रांनीसुद्धा. सगळ्या देशाला शंका होती आणि एकट्या त्याला सांगायचं नाही असं सगळ्या देशानं ठरवलं होतं. २७ एप्रिल १९४७ हा दिवस बेसबॉलच्या सगळ्या मैदानांवर बेब रूथ दिन म्हणून पाळला गेला. यांकी स्टेडियमवर सुमारे ५८ हजार माणसं जमली. उंटाच्या केसांचा कोट आणि टोपी घालून तो ध्वनिक्षेपकासमोर आला आणि घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात दोन मिनिटं बोलला. आवाज किती वाईट लागतोय, हे त्यानं स्वतःच आधी सांगून टाकलं.

जूनच्या अखेरीस माउंट सिनाई हॉस्पिटलातल्या डॉ. रिचर्ड लेविसन यांच्या औषधाचा प्रयोग त्याच्यावर सुरू झाला. हे लेविसन साधे गृहस्थ नव्हेत. रक्तात सायट्रेट किती घातलं म्हणजे ते गोठत नाही आणि रोग्यालाही बाधत नाही, ते प्रमाण १९१५ साली त्यांनीच निश्चित केलं होतं. आज रक्तपेढीत बाटली-पिशवीत रक्त साठतं, ती पेढी उघडणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा. आता ते उंदरांच्या गाठींवर फोलिक आम्लाच्या जातीतलं टेरोप्टेरिन नावाचं द्रव्य वापरून पाहत होते. उंदरांत गाठी विरल्या होत्या. माणसांचा अनुभव जवळपास नव्हता. रूथला सांगितलं गेलं ते एवढंच की हा प्रयोग आहे. आपल्याला नाही तर दुसऱ्या कुणाला उपयोग होईल, अशा अर्थाचं तो आपल्या आत्मचरित्रात सांगून गेला आहे. आज असल्या प्रयोगाला पंधरा पानी संमतिपत्र लागतं. त्याला नुसती मान हलवावी लागली.

रोज एक इंजेक्शन, सहा आठवडे. आणि मानेतल्या गाठी ओसरल्या. वेदना हटल्या. घास उतरू लागला, वजन आठ-नऊ किलोंनी वाढलं. सप्टेंबरमध्ये सेंट लुईसच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत ही हकिगत वाचली गेली, त्यात रुग्णाचं नाव नव्हतं, फक्त वय होतं. वॉल स्ट्रीट जर्नलनं नव्या औषधाची बातमी ठळकपणे दिली. आधी किरण आणि मग औषध, असे दोन्ही उपचार मिळालेल्या जगातल्या पहिल्या काही माणसांत रूथची गणना होते. सुधारणेचं श्रेय कोणाला किती, हा वाद डॉक्टरांनी घालावा. मला वाटतं, आधीच्या किरणांचाही वाटा त्यात असणार.

आता ते औषध आलं कुठून, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. न्यू यॉर्कच्या उत्तरेला पर्ल रिव्हर नावाच्या गावी लेडर्ली कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे. जन्म १२ जानेवारी १८९५, म्हणजे रूथच्या पंचवीस दिवस आधी. दोन भाऊ स्प्रू नावाच्या जुलाबाच्या रोगानं गमावलेले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी घालून गेले म्हणून इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि हाती पडली ती कमी दर्जाची पदवी. १९२२ मध्ये ते बोस्टनला उतरले आणि पोटासाठी रात्री एका इस्पितळात रुग्णांची भांडी धुऊ लागले. पुढे हार्वर्डमध्ये रक्तातलं फॉस्फरस मोजण्याची पद्धत त्यांनी फिस्क यांच्याबरोबर बसवली, ती जगभरच्या प्रयोगशाळांत आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. लेडर्लीत त्यांच्या गटानं फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवलं, ज्याच्या अभावी त्यांचे भाऊ खंगले त्या रोगावरचंच औषध. हत्तीपायावरचं हेट्राझान त्यांच्याच गटाचं. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे घरोघर वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या ज्यांनी गिळल्या आहेत, त्यांनी नकळत सुब्बारावांचं देणं घेतलेलं आहे.

टेरोप्टेरिन त्याच गटाचं. पण ते लंगडं निघालं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना आढळलं की फोलिक आम्लाच्या जातीतली द्रव्यं रक्ताच्या कर्करोगात उलट आगीत तेल ओततात. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला: पेशीला फोलिक आम्ल मिळूच नये असं काही द्या. सुब्बारावांच्या लोकांनी अमिनोप्टेरिन बनवून दिलं. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली, त्यातल्या दहांना तात्पुरता का होईना, उतार पडला होता. त्यातूनच पुढचं मेथोट्रेक्सेट. म्हणजे रूथला मिळालं ते दाराशेजारच्या भिंतीवर मारलेली थाप होती. दार दोन वितींवर होतं.

रूथला उतार पडला तो काही महिनेच. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत गाठ पुन्हा बळावली. यांकी स्टेडियमला पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभ होता, रूथचा तीन नंबरचा सदरा कायमचा निवृत्त करायचा होता. तो कपडे बदलायच्या खोलीत आला, दोघांनी हात धरून त्याला पोशाख चढवला. ज्यानं बालपणी सदऱ्यांना मापात कॉलर बसवली, त्याच्या अंगावर सदरा आता खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. मैदानावर जाताना तोल जाऊ नये म्हणून कुणीतरी प्रतिस्पर्धी संघाच्या बॉब फेलरची बॅट त्याच्या हाती दिली. काठीसारखी ती टेकत तो उभा राहिला. नॅट फाइन नावाच्या छायाचित्रकारानं इतरांसारखं पुढून न घेता मागून छायाचित्र घेतलं. पाठीवरचा तीनचा आकडा, खाली टेकलेली बॅट, समोर गच्च भरलेलं स्टेडियम, आणि चेहरा नाहीच. त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं. दिवस होता १३ जून. सेहेचाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला आईबापांनी त्याला शाळेच्या दारात सोडलं होतं.

अकरा दिवसांनी त्याला मेमोरियल हॉस्पिटलात नेलं. ते कर्करोगाचं इस्पितळ आहे हे न्यू यॉर्कमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दारावरचं नाव पाहून आपल्याला इथे का आणलं हे त्यानं विचारलं, आणि सोबतच्यांनी सारवासारव केली. २६ जुलैला आपल्यावरचा चित्रपट पाहायला तो इस्पितळातून गेला, पण शेवटपर्यंत बसवलं नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच न्यू यॉर्कमध्ये, डॉ. सुब्बाराव झोपेतच हृदय बंद पडून गेले. वय ५३. अमेरिकेचं नागरिकत्व न घेतलेला, भारतात कधी न परतलेला माणूस. पुढे आठवड्याभरात, १६ ऑगस्टला संध्याकाळी आठच्या सुमारास रूथ गेला. वय ५३. त्याचं पार्थिव यांकी स्टेडियमच्या दारात ठेवलं होतं आणि दर्शनाला माणसांची रीघ लागली. सुब्बारावांच्या वाट्याला मायदेशात एक टपाल तिकीट आलं, तेही जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये.

शवविच्छेदनात कळलं की वर्तमानपत्रं समजत होती तसा हा स्वरयंत्राचा रोग नव्हताच. मूळ नाकामागच्या घशात होतं.

त्या जागेसाठी किरण आणि औषध एकत्र द्यावीत की एकामागून एक, यावर डॉक्टरांनी पुढची पन्नास वर्षं घालवली. प्लॅटिनम धातूपासून बनलेलं सिस्प्लाटिन १९७० च्या दशकात हाती आलं. किरणांनी कर्करोगाच्या पेशीची आतली दोरी तुटते, पण पेशी बेरकी असते, रात्रीत गाठ मारून घेते. सिस्प्लाटिन त्याच वेळी रक्तात असलं तर ही गाठ मारता येत नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी द्यायची. १९९८ साली अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष आले: नुसते किरण घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ४७ जगले होते, दोन्ही घेतलेल्यांपैकी ७८. बँकेत आयुष्य काढल्यामुळे आकड्यांनी मी सहसा हलत नाही. हे दोन आकडे मात्र मी एका जुन्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

कारण आमच्या हेडकॅशियरांना २००३ मध्ये हेच उपचार मिळाले. चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा, तो टेबलाला खिळवायचा, म्हणजे मान केसभरही हलत नाही. आठवड्यातले पाच दिवस, असे सात आठवडे किरण. दर तीन आठवड्यांनी सिस्प्लाटिन, आणि ते मूत्रपिंडाला बाधू नये म्हणून आधी-नंतर सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या. तोंड आतून सोलून निघालं. पाणी घोटताना डोळ्यांतून पाणी यायचं. चव गेली. ओकाऱ्यांनी माणूस अर्धा झाला.

वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना काही कळता कामा नये, घशात जंतुसंसर्ग झालाय एवढंच सांगितलंय. वैद्यकीय बिलांच्या मंजुरीचं काम माझ्याकडे. प्रत्येक बिलावर विभागाचा शिक्का, प्रत्येक अर्जात रोगाचं नाव. मी ती फाइल माझ्या कपाटात, कुलपात ठेवली. नोटा मोजायला आलेल्या तात्पुरत्या कॅशियरलाही तिचा वास लागू दिला नाही. मित्राला दुखण्याचं नाव कळू नये म्हणून मी इतका कसून कामाला लागलो की त्याला पत्र लिहायचं राहूनच गेलं. काय लिहिणार? जंतुसंसर्गाची चौकशी?

फेब्रुवारीत ते हजर झाले. सदऱ्यात दोन माणसं मावतील असे. सगळ्यांशी हसून बोलले, गल्ल्याच्या किल्ल्यांची नोंदवहीत रीतसर सही केली आणि माझ्या टेबलाशी येऊन एक लखोटा ठेवला. शेवटच्या बिलाचा अर्ज राहिला होता. तो त्यांनी स्वतः भरला होता, त्या मोत्यासारख्या अक्षरात. आजाराचं नाव या रकान्यात पूर्ण नाव, जागेसकट, कुठल्या अवस्थेत होता तेही. मी वर पाहिलं तर ते म्हणाले की टाटाला नेलं तेव्हाच कळलं होतं, महाराष्ट्रात टाटाला नेलं म्हणजे काय हे कुणाला कळत नाही? आणि माझ्या कपाटाची दुसरी किल्ली बँकेच्या नियमानुसार त्यांच्याच पेटीत असते, हे मी विसरलो होतो. वहिनींना मात्र सांगू नका, अशी त्यांनी मला गळ घातली. त्यांना वाटतं मला माहीत नाही, त्यावर त्यांनी सात आठवडे काढलेत.

मी ते आजवर पाळलं. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून आता लिहायला हरकत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता ते बहात्तर वर्षांचे आहेत. डाव्या कानात यंत्र असतं, आणि लाळेच्या ग्रंथी किरणांनी सुकल्यामुळे पाण्याची बाटली सदैव बरोबर. दोन वाक्यं बोलली की एक घोट. भाकरी पातळ आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. परवा रविवारी मी रूथचं ते पाठमोरं छायाचित्र त्यांना नेऊन दाखवलं आणि सगळी हकिगत सांगितली, गाठीची, इंजेक्शनांची, मेमोरियलच्या दाराची. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं की हातात बॅट कुणाची आहे. दुसऱ्या संघातल्या गोलंदाजाची, म्हटलं. त्यांनी मान डोलावली, बाटलीतला घोट घेतला आणि ब्रॅडमन शेवटचा डाव खेळला तोही याच ऑगस्टात, ओव्हलवर, रूथ गेला त्याच्या दोनच दिवस आधी, हे सांगायला सुरुवात केली.